मुरूम फेरी : सोलापूर ते बालाघाट, आडवाटेच्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

कामाला आज सुरुवात केली. सायकल बाहेर काढली नाही. दिवसभर जेवणाच्या टेबलावर गावनकाशे पसरून बसले होते. उत्तर सोलापूर, बार्शी आणि तुळजापूर या तीन तालुक्यांतल्या एकवीस गावांचे नकाशे सरकारी संकेतस्थळावरून उतरवून घेतले आणि एकमेकांना जोडून चिकटवले.

ठरवलंय ते असं : सोलापुरातून निघायचं, नान्नज, वडाळा, वैराग करत बालाघाटाच्या डोंगररांगेवर चढायचं आणि तुळजापूरच्या अंगाने खाली उतरून घरी यायचं. एका दिवसात होईल अशी फेरी. डांबरी रस्ता जमेल तेवढा कमी, हायवे तर नावापुरता. कारखान्यांचा गाळप हंगाम आता सुरू होईल. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रात्री-पहाटे रस्त्यावर असतात आणि कित्येक ट्रॉल्यांना मागे साधा लाल दिवाही नसतो. पाच वर्षं मी पहाटे डांबरीवर सायकल चालवली. आता नको वाटतं.

ग्रॅव्हल बाइक म्हणजे काय ते आईला सांगताना मी 'मुरमावरची सायकल' म्हणाले आणि तिला ते लगेच कळलं. हँडल रेसच्या सायकलसारखं खाली वळलेलं, पण टायर रुंद. माझे ४५ मिमीचे आहेत, ट्यूबलेस. अमेरिकेत कॅन्ससमधल्या एम्पोरिया गावात २००६ पासून या प्रकारची २०० मैलांची शर्यत होते. तिथल्या टेकड्यांवरची गारगोटी टायर कापते म्हणतात. आपल्याकडे गारगोटीच्या जागी बाभळीचा काटा आहे. त्याला काय करायचं ते पुढे बघू.

नकाशावर दुहेरी तुटक रेषा दिसली की गाडीमार्ग, एकेरी दिसली की पायमार्ग. पाणंद, शिवरस्ता, वहिवाटीची गाडीवाट, सगळं या तुटक रेषांत आहे. आज लाल पेन्सिलीने १०४ किमी रेषा ओढल्या. त्यातल्या किती खऱ्या निघतात ते जाऊन बघायचं.

१३ ऑक्टोबर, रविवार

पहिली पाहणी, आणि ती फसली.

काल दसरा झाला, परवा रात्री परतीचा पाऊस जोरात पडला होता. सकाळी लख्ख ऊन बघून निघाले. हिप्परग्याच्या तलावापर्यंत छान. एकरुख तलाव म्हणजे इंग्रजांच्या काळात अदिला नदी अडवून बांधलेला. भिंतीच्या कडेने गेलं की शहर एकदम मागे पडतं. पुढे उजवीकडे नकाशातली पहिली दुहेरी रेषा लागते. पहिला एक किलोमीटर मुरूम, मग रान काळं झालं आणि शंभर मीटरच्या आत चाकं बंद.

काळी माती ओली असताना नुसती चिकटत नाही, थरावर थर चढवते. टायरवर आधी एक पापुद्रा, त्यावर गवताच्या काड्या, काड्यांवर पुन्हा माती. असं करत चाक आणि फ्रेमच्या फटीत ती ठासून बसली. मी जोर लावून पेडल मारलं ही माझी चूक. मागच्या गिअरमध्ये मातीचा गोळा अडकला, डीरेल्युअर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) स्पोकमध्ये ओढला गेला आणि त्याला फ्रेमशी धरणारा हँगर कट्‌कन तुटला. खाली उतरून सायकल खांद्यावर घ्यावी म्हटलं तर तिचं वजन दुप्पट झालेलं.

शेजारच्या तुरीत एक काका होते. त्यांनी काही न विचारता कमरेचं खुरपं काढून दिलं. "काडीनं निघत न्हाई ती. ह्यानं खरवडा." बांधावर बसून अर्धा तास खरवडत होते. मग चेनची दोन-चार कडी काढून ती एकाच गिअरला बसवली आणि मुरमापर्यंत सायकल हाताने ढकलत नेली. जाताना काका म्हणाले, "चार दिस ऊन खाऊ द्या रानाला. आमची बैलं बी जात न्हाईत आज." बैल जात नाहीत त्या वाटेवर मी दीड लाखाची सायकल घातली होती.

१६ ऑक्टोबर, बुधवार

आज कोजागरी. दरवर्षीप्रमाणे आज संध्याकाळपासून तुळजापूर रस्त्यावर माणूसच माणूस. गाड्यांची वाहतूक दुसरीकडून वळवलेली, आणि सोलापूर रात्रभर पायी भवानीकडे निघालेलं. शेजारच्या मावशींसोबत मी तामलवाडीपर्यंत चालत गेले.

चहाच्या मांडवात एक आजी भेटल्या, काटीच्या माहेरवाशीण. त्यांना सहज विचारलं, पूर्वी असंच डांबरीवरून जायचे का? "कुठली डांबरी बाई. आमची सासू गाडीवाटेनं जायची. काटीकडनं वर. बैलाला दम पडंल तिथं थांबायचं, पानी पाजायचं." वाट अजून आहे का? "आसंल की. मेंढरं जात्यात."

घरी येऊन नकाशा काढला. काटीच्या पूर्वेला एक दुहेरी तुटक रेषा आहे, ती डोंगराच्या रेघांपाशी जाऊन थांबते. त्यापुढचं गाव दुसऱ्या नकाशावर, आणि तो मी मागवलाच नव्हता.

२० ऑक्टोबर, रविवार

आज सायकल नाही, पण या प्रकल्पातला सगळ्यात उपयोगाचा दिवस आजचाच झाला, म्हणून सविस्तर लिहिते.

मी बांधकाम साहित्य तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. रस्त्याला घालायचा मुरूम आमच्याकडे पोत्यांनी येतो. त्यावर एक चाचणी असते : माती भिजवून काचेवर बोटांनी तिची वळी लाटायची. लाटता लाटता पाणी उडत जातं. वळी ३ मिमी जाडीची झाली की तुटायला लागते, त्या वेळी मातीत जेवढं पाणी असेल ती तिची प्लॅस्टिक लिमिट. यंत्र वगैरे काही नाही, बोटांचं काम. मातीत पाणी आणखी वाढवत नेलं तर ती जिथे वाहू लागते ती लिक्विड लिमिट. दोन्हींतला फरक म्हणजे प्लॅस्टिसिटी इंडेक्स, त्या मातीला चिकट राहायला मिळणारी जागा. रस्त्याच्या खालच्या थरासाठी लिक्विड लिमिट २५ च्या आत आणि हा इंडेक्स ६ च्या आत लागतो. आमची काळी माती यात बसायचं नावच काढत नाही.

बारा वर्षं हे काम करतेय. तरी रविवारी त्या बांधावर खुरपं हातात असताना पहिल्यांदा डोक्यात आलं की हीच चाचणी रस्त्यावर उभं राहून करता येईल. चिमूटभर माती, बाटलीतलं थोडं पाणी, तळहात. वळी शेवईसारखी लांब निघाली तर पावसाळ्यात ती वाट सायकलची नाही. वळी धरतच नसेल, हातात नुसती चरचर लागत असेल, तर तो मुरूम. पाऊस थांबल्यावर तासाभरात चालू.

मुरूम आणि काळी माती दोन्ही एकाच बापाच्या लेकी. दोन्ही बसाल्टच्या, आपल्या काळ्या पत्थराच्या. दगड अर्धामुर्धा कुजला, कणी राहिली की मुरूम. पूर्ण कुजून सखल जागी साचला की काळी. काळीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं, वहीच्या पानांसारखं पापुद्र्यांचं. पाणी पानांच्या मध्ये शिरतं, माती फुगते. वाळली की आक्रसते आणि भेगा पडतात. म्हणून तीच वाट ऑक्टोबरात चिखल, डिसेंबरात सिमेंटसारखी टणक आणि गुळगुळीत, आणि मे महिन्यात फुफाटा नि भेगा. वर्षातून तीनदा तीन वेगळे रस्ते. नकाशावर रेषा मात्र एकच.

तेव्हा आजपासून लाल पेन्सिल बंद. तीन रंग घेतले. तांबडा म्हणजे मुरूम-बरड, बारमाही. काळा म्हणजे काळी, पावसानंतर चार उन्हं खाल्ल्याशिवाय जायचं नाही (हा नियम काकांचा). पिवळा म्हणजे चोपण (खारवट, चिकट) आणि मिश्र रान, तिथे जाऊनच बघायचं. शंभर-दोनशे मीटरवर रान बदललं की थांबायचं, चिमूट घ्यायची, नोंद करायची. वेळखाऊ आहे. पण हे केल्याशिवाय फेरीची जीपीएक्स फाइल (मोबाईलवर वाट दाखवणारी) कुणाच्या हातात द्यायची माझी तयारी नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

नवा हँगर पुण्याहून आला. दोन मागवले, एक पिशवीत कायमचा.

हिप्परगा ते नान्नज, पुढे वडाळा. ४१ चिमटी घेतल्या. सोबत मास्तर होते (जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे आणि चढाला माझ्या पुढे). ३४ किमीला पाच तास लागले. त्यांनी एकदाही कुरकुर केली नाही, उलट वहीत रकाने आखून दिले.

नान्नजचं माळ सुरू झालं की बोलणं आपोआप हळू होतं. माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झालं तेव्हा ते ८,४९६ चौ. किमी होतं, त्यात गावंच्या गावं आली. पुढे कमी करून १,२२२ चौ. किमीवर आणलं. माळढोक आता दिसणं नशिबाची गोष्ट. आम्हाला दिसला नाही आणि दिसावा म्हणून आम्ही कुंपणाच्या आत पाऊलही ठेवलं नाही. वनखात्याच्या राखीव गवतातून जाणारी एक सुंदर चाकोरी नकाशावर होती, ती मी मूळ आखणीतून खोडली. तीन किमी जास्त पडतात, पडू देत. माळावर घरटी जमिनीवरच असतात, टायरखाली काय येईल सांगता येत नाही.

कुंपणाबाहेरून दिसलं ते असं : काळविटांचा कळप, त्यातला एक नर अगदी काळाभोर. एक भोवत्या (शिकारी पक्षी) गवतावरून एवढा खाली तरंगत गेला की त्याची सावली त्याला चिकटलेली. धाविकची जोडी चाकोरीतून आमच्यापुढे पळत होती, थांबायची, मान वर करून बघायची, पुन्हा पळायची. मास्तरांनी ब्रेक दाबून सायकल आडवी केली आणि आम्ही दहा मिनिटं तिथेच उभे राहिलो. मोटारसायकल असती तर तो पक्षी आधीच उडाला असता.

काट्यांचा हिशेब : माझ्या मागच्या टायरला सराट्याचे सहा, वेड्या बाभळीचा एक. सराट्यांची भोकं टायरमध्ये भरलेल्या पातळ सीलंटने जागीच बुजवली. काटा उपटला की पांढरा थेंब फुगतो, चाक दोनदा फिरवलं की बंद. बाभळीचा मात्र दीड इंच आत गेलेला, तिरका. तो उपटायची घाई केली नाही, झाडाखाली सावलीत बसून उपटला आणि लगेच प्लग खुपसला. हवा पुढे ३२, मागे ३५ पीएसआय. मी ४० ने सुरुवात केली होती, खडीवर हात बधिर झाले. ३० च्या खाली मात्र कातळावर रिम लागते.

मोजे कुसळांनी भरले. घरी आईने दिव्याखाली बसून एकेक उपटलं.

२४ नोव्हेंबर, रविवार

वडाळा ते वैराग. मधे एके ठिकाणी (गावाचं नाव लिहीत नाही) नकाशावरची दुहेरी रेषा ज्वारीत शिरून नाहीशी झाली. रस्ता नांगरून पेरलेला. कणसं अजून पोटात, रान हिरवंगार.

बांधावर मालक होते, माझ्या वडिलांच्या वयाचे. "काय बघालाव बाई?" मी मोबाईलवर गावनकाशा दाखवला. त्यांचा चेहरा बदलला. त्यांना वाटलं मी मोजणीला आले. दोन भावांच्या वाटणीत ही पाणंद अडकली आहे आणि प्रकरण तहसीलदारांपर्यंत गेलंय हे नंतर कळलं.

कायदा मला माहीत आहे. वहिवाटीचा रस्ता अडवला तर १९०६ च्या मामलतदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली तहसीलदार तो मोकळा करून देऊ शकतात. ज्याची ऊसतोड, ज्याचं खत, ज्याचं आजारी माणूस त्या पाणंदीने न्यायचंय, त्याच्यासाठी तो कायदा आहे आणि तो वापरायलाच हवा. पण मी रविवारची फिरायला आलेली. त्यांच्या घरच्या दुखण्यात माझ्या फेरीची रेषा घुसवायची नाही. मोबाईल खिशात ठेवला आणि सायकलबद्दल बोलले. टायर दाबून बघितलं त्यांनी. "ह्येच्यात हवा कमी हाय की."

चहा झाला. मग स्वतःच म्हणाले, ओढ्याच्या कडेनं जावा, तिथं मुरूम हाय. वाट त्यांच्याच रानातून जाते, नकाशावर कुठेच नाही. दोन अटी : फाटकाची काडी परत लावायची, आणि मोटारसायकलवाल्यांना ही वाट सांगायची नाही. मी दोन्ही वहीत लिहून त्यांना वाचून दाखवल्या. ओढ्याचं नाव विचारलं, त्यांनी सांगितलं, तेही टिपलं.

६०० मीटरचा तो तुकडा पूर्ण तांबडा आहे. चिमूट घ्यायची गरजच पडली नाही, टायरखालच्या आवाजावरून कळलं.

८ डिसेंबर, रविवार

बालाघाट, येडशीच्या बाजूने. जीपने बार्शीपर्यंत सायकली नेल्या आणि तिथून चढलो. मास्तर, माझा भाचा आणि मी.

बार्शीत सकाळी मास्तरांनी बार्शी लाईट रेल्वेचा विषय काढला. एव्हरार्ड कॅलथ्रॉपची अडीच फुटी नॅरोगेज, १८९७ साली कुर्डुवाडी-बार्शी सुरू झाली, पुढे पंढरपूर आणि लातूरपर्यंत गेली. तिच्या जुन्या पायथ्यावरून सायकली न्याव्यात असा त्यांचा आग्रह होता. विचार मोहात पाडणारा. पण ब्रॉडगेज झाल्यावर बराचसा मार्ग नव्या रुळांखाली गेला आहे, आणि रेल्वेच्या जागेत शिरायचं नाही हे आमचं पहिल्या दिवशीच ठरलेलं. विषय तिथे संपला.

बालाघाटाचा चढ सह्याद्रीसारखा सलग नाही. लाव्हा थरांनी साचला, म्हणून डोंगरही पायऱ्यांचा. चढ, मग थोडी सपाटी, पुन्हा चढ. पायांना हे मानवतं, फक्त प्रत्येक सपाटीवर वाटतं की आलं. माझ्या पुढच्या चक्राला ४० दाते, मागच्या मोठ्यात मोठ्या चक्राला ४२, आणि मी तो गिअर दोनदा वापरला. भाच्याच्या सायकलला एवढा हलका गिअर नाही, तो सुट्या खडीवर उतरून चालला. खडीच्या चढावर उभं राहून पेडल मारलं की मागचं चाक जागीच फिरतं. बसून, छाती हँडलकडे झुकवून, हळू जायचं. त्याला हे सांगून पटलं नव्हतं, चाक फिरल्यावर पटलं.

वर पोचल्यावर मास्तरांनी भाच्याला बाटलीतलं पाणी दोन बाजूंना ओतायला लावलं. उत्तरेचं तेरणेतून मांजरेत, तिथून गोदावरीत. दक्षिणेचं सीनेतून भीमेला. एका बाटलीतलं पाणी दोन खोऱ्यांत. पोरगं मोठ्याने हसलं आणि पुन्हा पाणी मागितलं.

रामलिंगाच्या दर्शनाला गेलो ते गाडीरस्त्यानेच. येडशी रामलिंग घाट अभयारण्य लहान आहे, सुमारे २२ चौ. किमी, पण या उजाड पट्ट्यात ती एकच गर्द झाडी. आतल्या पायवाटा परवानगीशिवाय नाहीत. परतताना ठरलं की फेरीचा सगळ्यात वरचा टप्पा हाच, ३१ किमी. आखणी पक्की केली.

२६ डिसेंबर, गुरुवार

आखणी मोडली. रामलिंगच्या जंगलात वाघ आलाय.

वनखात्याच्या कॅमेऱ्यात त्याचा फोटो मिळाला, सगळीकडे तीच बातमी. यवतमाळच्या टिपेश्वरचा नर. चार-पाचशे किलोमीटर चालत आला, गावं, हायवे, रेल्वे, उसाची रानं ओलांडून. आम्ही ज्या मुरमी चाकोऱ्या शोधत तीन महिने नकाशे चाळतोय, तसल्याच वाटांनी तो आला असणार, रात्रीचा, कुणाला न दिसता. बातमी वाचून अंगावर काटा आला आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला.

पण वस्तीवरच्या माणसांना आनंद कुठून होणार? भागातल्या ओळखीच्या ताईंना फोन केला. जनावरं मारली जातायत, म्हशीला चारा घालायला अंधारात कुणी एकटं जात नाही, रात्रपाळीची वीज आल्यावर पाणी द्यायला दोघं-तिघं मिळून जातात. त्यांनी विचारलं, "तुम्ही याच वाटेनं येणार होता ना ताई?"

३१ किमी खोडले. सायकलचा आवाज होत नाही, हाच तिचा गुण इथे धोक्याचा. शिवाय वाघाला शोधणाऱ्या माणसांच्या कामात आपण मधे येऊ नये. भाचा दोन दिवस रुसला. त्याला सांगितलं, फेरी आपली आहे, रान त्यांचं.

१२ जानेवारी २०२५, रविवार

गावात गड्ड्याच्या यात्रेची गर्दी, आम्ही उलट्या दिशेने बाहेर. वाघ बार्शी तालुक्यात फिरतोय, त्याला पकडायचे प्रयत्न चालू आहेत, म्हणून उत्तरेकडे अजिबात नाही. राहिली होती आजींची गाडीवाट.

काटीतून पूर्वेला निघालो. आधी दोन किमी द्राक्षबागांच्या कडेने पांढरट रान, मग बरड. नकाशाची रेषा संपते तिथे एक मेंढपाळ दादा भेटले, शंभरेक मेंढरं, तीन कुत्री. कुत्री अंगावर आली तेव्हा सायकलवरून उतरलो आणि सायकल मधे धरून नुसते उभे राहिलो. पळालं की ती मागे लागतात. दादांनी एक शीळ घातली आणि ती बसली. "वाट हाय की. वर ठेपणीला दगड हायत, तिथनं डाव्या अंगाला."

आणि ती वाट खरोखर आहे. २.८ किमी, १६५ मीटर चढ. निम्म्यात बोरी-हिवरांनी गिळलेली, पण चढाच्या मधे, वळणावर, उघडा कातळ लागतो आणि त्यात दोन खाचा. समांतर. बोटाने मोजल्या, चार बोटं खोल. लोखंडी धावेच्या बैलगाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या. किती वर्षं, किती गाड्या लागल्या असतील एवढा दगड झिजायला? खाचेत पावसाने आणलेली मुरमाची बारीक कणी साचली होती. ४५ मिमीचा टायर तिच्यात अगदी मावतो. मी उतरले, बोट फिरवलं, कडा गुळगुळीत. बाजूला पाण्याचं दगडी टाकं, कोरडं, शेवाळ वाळून काळं पडलेलं. बैलाला दम पडेल तिथे थांबायचं, आजी म्हणाल्या होत्या.

कातळावर सायकल चालवली नाही, हाताने नेली. कारण काही सांगता येणार नाही. मास्तरही उतरलेच होते.

वर पोचलो तर एका वस्तीवर हुरड्याची आगटी पेटलेली. मावशींनी हाक मारून बसवलं. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेली कणसं, हातावर चोळून गरम दाणे, बरोबर शेंगाचटणी आणि गूळ. एक गोष्ट विचारली त्यांनी, "एकट्या बाईनं भ्याव न्हाई वाटत?" मी म्हटलं, डांबरीवर वाटतं. त्या म्हणाल्या, "व्हय, ट्रॅक्टर लई वंगाळ."

९ फेब्रुवारी, रविवार

पूर्ण फेरी. पाच जणं. पहाटे सव्वापाचला निघालो, अंगात स्वेटर. संध्याकाळी पाचला परत, अंग मिठाने पांढरं.

१३२ किमी, त्यात डांबर ३९ आणि हायवे ७ (तुळजापूरचा घाट उतरताना, त्याला पर्याय सापडला नाही). एकूण चढ १,०८० मीटर. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटरवर, तुळजापूर ६५० च्या आसपास, बाकीचा चढ ओढ्या-टेकड्यांनी तुकड्या-तुकड्यांनी वसूल केला. पंक्चर एक, तेही ट्यूबवाल्या सायकलचं. ती सायकल चालवणाऱ्या मैत्रिणीने तिथेच ठरवलं की ट्यूबलेस करून घ्यायची.

पाणी माणशी तीन लिटर लागलं. वैराग ते काटी हा २४ किमीचा पट्टा कोरडा आहे, दोन हातपंपांपैकी एकच चालू. तो नकाशावर निळ्याने दाखवला. जेवण वैरागच्या बाहेर लिंबाखाली : कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदा. कडक भाकरी सायकलच्या पिशवीत पोळीसारखी ओली होत नाही, कितीही हादरे बसले तरी चुरा होऊन चटणीत मिसळते आणि तशीच खाता येते.

फाटकाची काडी परत लावली. मालक शेतात नव्हते. ज्वारी आता उंच, कणसं भरलेली, गोफणीचा आवाज लांबून येत होता.

तुळजापुरात देवळात गर्दी होती, कळसाला हात जोडून खाली उतरलो.

१६ मार्च, रविवार

दहा वाजताच ऊन लागतंय. आता जूनपर्यंत फेरी बंद. काळ्या रानात भेगा पडायला लागल्या, रुंद टायरही कडेला घसरतो, आणि दुपारी माळावर सावली नाही.

फाइल तयार झाली. तिच्यासोबत दोन पानांची टिपण जोडली : तीन रंग, चार उन्हांचा नियम, राखीव गवताच्या कुंपणाबाहेरून जायचं, मेंढरांच्या कुत्र्यांपुढे उतरायचं, फाटक, हातपंप, उत्तरेचा टप्पा बंद. ज्यांनी मागितली त्या नऊ जणांना टिपणासकट दिली, नुसती फाइल कुणाला दिली नाही. खुल्या नकाशांवर चढवायची का यावर मास्तरांशी दोन वेळा बोलणं झालं. ओढ्याकाठचा तुकडा वगळून चढवायची असं ठरलं.

मोठ्या कागदावर नकाशा छापून आज त्या मालकांना द्यायला गेले. ज्वारी काढून झालेली, रानात कडब्याच्या पेंढ्या उभ्या. ते नकाशा गुडघ्यावर पसरून बराच वेळ बघत राहिले. आपलं रान सापडलं, विहीर सापडली, धाकट्या भावाचं रान बोटाने दाखवलं आणि बोट तिथेच थोडं थांबलं. मग म्हणाले, "ह्यो वढा चुकलाय." त्यांनी सांगितलेलं नाव मी वळणाच्या खालीही लिहिलं होतं. ते नाव वरच्या निम्म्याचं. वळणाच्या खाली, बाभळीपासून पुढे त्याला म्हसोबाचा ओढा म्हणतात, त्यांच्या आज्जापासून.

त्यांच्याच पेनाने कागदावर दुरुस्त केलं. फाइलमधलं रात्री करते.